२,१४,७४,८३,६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही दहा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला असता ती मिळते, म्हणून ती २^३१ − १ अशीही लिहितात. (या लेखात ^ या चिन्हापुढील संख्या घातांक दर्शवते.) ही मूळ संख्या असून मर्सेन मूळ संख्यांच्या क्रमात ती आठवी आहे. तिचे मूळत्व स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले. ते १७७२ साली प्रसिद्ध झाले. संगणकशास्त्रात हीच संख्या ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून परिचित आहे.

या संख्येला अशा रीतीने दोन ओळखी आहेत. दोन्ही ओळखी २^३१ − १ या एकाच रूपातून निर्माण झाल्या असल्या, तरी त्यांपैकी एक दुसरीचे कारण नाही. संख्या समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रचना

१, २, ४, ८, १६ … अशी प्रत्येक वेळी दुप्पट होणारी ३१ पदे घेऊन त्यांची बेरीज केली, तर ती नेमकी २,१४,७४,८३,६४७ येते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा आणि पुढील प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवण्याची कथा सर्वपरिचित आहे. त्या पटावरील पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची एकूण संख्या हीच होय. बत्तिसाव्या एकट्या घरात २,१४,७४,८३,६४८ दाणे येतात, म्हणजे आधीच्या सर्व घरांतील दाण्यांहून एक अधिक. हनोईचा मनोरा या कोड्यात ३१ चकत्या असतील, तर त्या हलविण्यास किमान इतक्याच चाली लागतात. दर सेकंदाला एक चाल केली, तरी त्यासाठी ६८ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल.

द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ वेळा १ हा अंक लिहून दर्शविली जाते. अष्टमान पद्धतीत ती १ आणि त्यापुढे दहा वेळा ७ अशी लिहितात. दशमान पद्धतीत तिच्या अंकांची बेरीज ४६ होते. दशमान अंकांत कोणतीही ठळक नियमितता दिसत नाही; तिची घडण द्विमान रूपातच स्पष्ट होते.

मर्सेन संख्या

२च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारॅं मर्सेन (१५८८–१६४८) यांच्यावरून हे नाव पडले. अशी संख्या मूळ असण्यासाठी तिचा घातांकही मूळ असावा लागतो. घातांक संयुक्त असेल, तर त्याच्या विभाजकांपासून मोठ्या संख्येचे विभाजक लगेच मिळतात. उदाहरणार्थ, १५ला ३ आणि ५ यांनी निःशेष भाग जातो, म्हणून २^१५ − १ म्हणजे ३२,७६७ या संख्येला २^३ − १ = ७ आणि २^५ − १ = ३१ यांनीही निःशेष भाग जातो.

याचा व्यत्यास मात्र खरा नाही. घातांक मूळ असूनही मर्सेन संख्या संयुक्त असू शकते. ११ ही मूळ संख्या आहे; पण २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९. म्हणून ३१ ही मूळ संख्या आहे एवढ्यावरून २^३१ − १ ही मूळ आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र सिद्धता लागते.

इतिहास

बोलोन्या येथील इटालियन गणितज्ञ पिएत्रो कताल्दी यांनी २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकार करून दाखविले. २^१९ − १ = ५,२४,२८७ या संख्येचे वर्गमूळ सुमारे ७२४ आहे आणि कताल्दी यांच्याजवळ ७५०पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता होता. त्यामुळे हे काम कष्टाचे असले तरी आवाक्यातील होते. १६०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांसाठीही मूळ संख्या मिळतात असे विधान केले. त्याला सिद्धतेचा आधार नव्हता.

पुढे या चार विधानांपैकी तीन चुकीची ठरली. फ्रेंच गणितज्ञ प्येर द फर्मा यांनी १६४० साली २^२३ − १ या संख्येला ४७ने आणि २^३७ − १ या संख्येला २२३ने निःशेष भाग जातो हे दाखविले. २^२९ − १ या संख्येला २३३ने भाग जातो हे ऑयलर यांनी दाखविले. उरली ती केवळ २^३१ − १.

मर्सेन यांनी १६४४ साली २५७पर्यंतच्या घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांकांसाठीच मूळ संख्या मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. तीत ३१चा समावेश योग्य होता; परंतु ६७ व २५७ हे घातांक चुकीचे निघाले आणि ६१, ८९ व १०७ हे राहून गेले. कताल्दी व मर्सेन दोघांच्याही याद्यांत ३१ बरोबर आला खरा, पण त्याच याद्यांतील चुका पाहता त्यास पुरावा मानणे शक्य नव्हते.

हा पुरावा ऑयलर यांनी दिला. बर्नूली यांना लिहिलेल्या पत्राचा भाग म्हणून तो १७७२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली होती.

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येविषयी एक भाकीत केले. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून उपयोगाच्या नसल्यामुळे याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधण्याच्या खटपटीत कोणी पडणार नाही, असे त्यांना वाटत होते. १८७६ साली फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले आणि हे भाकीत खोटे ठरले. ऑयलर यांच्या सिद्धतेपासून तोपर्यंत शंभरहून अधिक वर्षे २^३१ − १ हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मर्सेन मूळ संख्या होती.

ऑयलर यांची पद्धत

एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. २,१४,७४,८३,६४७ या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० व ४६,३४१ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे सरधोपट मार्गाने ४६,३४०पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल. ऑयलर यांनी भागाकार करण्यापूर्वी विभाजक कसा असू शकेल याचा विचार केला आणि हे काम बरेच कमी केले.

समजा, प ही मूळ संख्या २^३१ − १ला निःशेष भागते. मग २^३१ला पने भागल्यास बाकी १ उरते. याचा अर्थ २च्या क्रमवार घातांना पने भागत गेल्यास बाक्यांची मालिका दर ३१ पायऱ्यांनी पुन्हा येते. ३१ ही मूळ संख्या असल्यामुळे हे आवर्तन ३१हून लहान असू शकत नाही. दुसरीकडे, फर्मा यांच्या लघुप्रमेयानुसार २च्या (प − १)व्या घाताला पने भागल्यासही बाकी १ उरते. म्हणून प − १ला ३१ने निःशेष भाग गेला पाहिजे. प विषम असल्याने प − १ सम आहे. तेव्हा त्याला ६२ने भाग जातो. २,०४७च्या उदाहरणात हाच नियम दिसतो: २३ = २२ + १ आणि ८९ = ८८ + १, म्हणजे दोन्ही विभाजक ११च्या दुपटीच्या पटीपेक्षा एकने मोठे आहेत.

दुसरी अट अशी. २^३१ला पने भागून बाकी १ उरत असेल, तर २^३२ला भागून बाकी २ उरते. परंतु २^३२ हा २^१६चा वर्ग आहे. म्हणजे पने भागल्यावर बाकी २ उरेल असा वर्ग अस्तित्वात आहे. विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असे तेव्हाच घडते, जेव्हा त्या संख्येला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या, की विभाजकाला दोनच रूपे शक्य राहतात: २४८न + १ किंवा २४८न + ६३. येथे न ही पूर्ण संख्या आहे. ४६,३४०पर्यंत या रूपांच्या, १ वगळता, ३७३ संख्या आहेत. त्यांतील ६३ उघडच संयुक्त असल्यामुळे ३७२ उरतात. त्यांतही २४९, ४९७, ५५९ अशा संयुक्त संख्या गाळता येतात. पहिल्या ज्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, त्या ३११, १,३०३ आणि १,४८९ होत. ३११ने भागल्यास बाकी ३५ उरते. याप्रमाणे सर्व संख्या तपासून एकीनेही निःशेष भाग जात नाही असे दिसले, की २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या असल्याचे सिद्ध होते.

ल्युका–लेमर कसोटी

ल्युका यांनी शोधलेली आणि अमेरिकी गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर यांनी १९३०च्या सुमारास सुधारलेली कसोटी मर्सेन संख्यांसाठी अधिक सोयीची आहे. तीत ४ या संख्येपासून आरंभ करतात. प्रत्येक पायरीवर हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करतात आणि आलेल्या संख्येला तपासावयाच्या मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी पुढे घेतात. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर ती मर्सेन संख्या मूळ असते, अन्यथा नसते. ही कसोटी विषम मूळ घातांकांना लागू पडते.

२^५ − १ = ३१ हे लहान उदाहरण घेऊ. ४चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४चा वर्ग वजा २ म्हणजे १९४; त्याला ३१ने भागून बाकी ८. ८चा वर्ग वजा २ म्हणजे ६२. त्याला ३१ने निःशेष भाग जातो. तीन पायऱ्यांत काम झाले. २^३१ − १साठी अशा २९ पायऱ्या पुरतात. आजच्या अतिप्रचंड मर्सेन मूळ संख्याही शेवटी याच कसोटीवर पारखल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या ज्ञात मर्सेन मूळ संख्यांमध्ये बावन्नावी आहे.

परिपूर्ण संख्येशी संबंध

स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या होय. ६ = १ + २ + ३ आणि २८ = १ + २ + ४ + ७ + १४ ही तिची सुपरिचित उदाहरणे. युक्लिड यांच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या नवव्या खंडात असे दाखविले आहे, की २^न − १ मूळ असेल, तर तिला २च्या (न − १)व्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच रूपाच्या असतात, हे ऑयलर यांनी सिद्ध केले.

२,१४,७४,८३,६४७ला २^३० म्हणजे १,०७,३७,४१,८२४ने गुणले असता २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही १९ अंकी संख्या मिळते. ती आठवी परिपूर्ण संख्या आहे. बार्लो यांचे भाकीत याच संख्येविषयी होते.

इतर गणिती गुणधर्म

या संख्येच्या आधीच्या संख्येचे मूळ अवयव लहान आहेत: २,१४,७४,८३,६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. पुढची संख्या केवळ २चा घात आहे.

या संख्येला ८ने भागल्यास बाकी ७ उरते. त्यामुळे ती तीन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. किमान चार वर्ग घ्यावे लागतात.

घातांक ३१ हा स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे (३१ = २^५ − १). अशा संख्येला दुहेरी मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ७, १२७, २,१४,७४,८३,६४७ आणि २^१२७ − १ या चारच दुहेरी मर्सेन मूळ संख्या ज्ञात आहेत. २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेऊन बनणारी मर्सेन संख्या लिहू गेल्यास तिचे ६४ कोटींहून अधिक अंक होतील. ती मात्र मूळ नाही. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ने निःशेष भाग जातो.

संगणकातील मर्यादा

संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो. संख्येसाठी ३२ बिटांची जागा दिली, तर तीत २^३२ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्या दर्शविता येतात. ऋण संख्याही हव्या असतील, तर यांतील निम्म्या जागा त्यांना जातात. उरलेल्या निम्म्यांत शून्याचाही समावेश असल्यामुळे सर्वांत मोठी धन संख्या २^३१ − १ ठरते. सर्वांत लहान ऋण संख्या −२,१४,७४,८३,६४८ असते.

कमाल मर्यादेत १ मिळविला, तर ३१ एक पुसले जाऊन सर्वांत डावीकडील बिट १ होतो. प्रचलित पद्धतीत हा बिट ऋण चिन्ह दर्शवितो. त्यामुळे, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, उत्तर २,१४,७४,८३,६४८ असे न येता −२,१४,७४,८३,६४८ असे येते. जुन्या वाहनाच्या अंतरमापकाचे आकडे ९९९९९नंतर पुन्हा शून्यावर येतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे शून्याऐवजी सर्वांत लहान ऋण संख्या येते. या घटनेस पूर्णांक ओव्हरफ्लो म्हणतात.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील ‘गंगनम स्टाईल’ या गाण्याच्या दर्शनांची संख्या ही मर्यादा ओलांडून गेल्याचे जाहीर झाले आणि यूट्यूबची गणकव्यवस्था ६४ बिटांची असल्याचे सांगण्यात आले. २०१५ साली अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसंबंधी सुरक्षा आदेश काढला. विद्युतजनित्रांचे नियंत्रण करणारी यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास तिच्यातील गणक ओव्हरफ्लो होऊन विमानाचा विद्युतपुरवठा खंडित होण्याचा धोका त्यात नमूद होता. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजल्यास २^३१ म्हणजे सुमारे २४८.५५ दिवस होतात.

२०३८ सालची समस्या

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील संगणक प्रणाली १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून (जागतिक समन्वित वेळ) गेलेल्या सेकंदांच्या रूपात वेळ मोजतात. ही मोजणी जेथे ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात होते, तेथे शेवटचा दर्शविता येणारा क्षण २,१४,७४,८३,६४७वा सेकंद आहे. तो १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ वाजता, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल. पुढच्याच सेकंदाला अशी प्रणाली १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू शकते.

भविष्यातील तारखा हाताळणाऱ्या प्रणालींना ही अडचण २०३८पूर्वीही येऊ शकते. २०१८च्या जानेवारीअखेर घेतलेल्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या मर्यादेपलीकडे जातो. वेळेसाठी ६४ बिटांची जागा देणे हा यावरील उपाय आहे. तसे केल्यास मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षे पुढे जाते. नव्या संगणकांमध्ये बहुतांशी हा बदल झालेला आहे. दीर्घकाळ न बदलता वापरात राहणारी यंत्रे, तसेच जुन्या स्वरूपात साठविलेली माहिती यांच्या बाबतीत मात्र वेगळी तपासणी करावी लागते.

दोन ओळखींमधील संबंध

२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे म्हणून ती संगणकातील मर्यादा झाली, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. ८, १६, ३२ आणि ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकांच्या कमाल मर्यादा अनुक्रमे २^७ − १, २^१५ − १, २^३१ − १ आणि २^६३ − १ आहेत. यांपैकी १२७ मूळ आहे. ३२,७६७ संयुक्त आहे. २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे. २^६३ − १ला ७ने निःशेष भाग जातो, म्हणून तीही संयुक्त आहे. मर्यादा ठरते ती उपलब्ध बिटांच्या संख्येवरून; मूळत्व ठरते ते विभाजकांच्या अभावावरून.

या दोन्ही गुणांचा एकत्रित उपयोग मात्र झालेला आहे. यादृच्छिक भासणाऱ्या संख्या संगणकावर निर्माण करण्याच्या एका पद्धतीत हाती असलेल्या संख्येला १६,८०७ने गुणून गुणाकाराला २,१४,७४,८३,६४७ने भागतात आणि उरलेली बाकी ही पुढची संख्या मानतात. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ साली ही पद्धत किमान मानक म्हणून सुचविली. १६,८०७ हा ७चा पाचवा घात आहे. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक योग्य निवडल्यामुळे १ ते २,१४,७४,८३,६४६ ही प्रत्येक संख्या नेमकी एकदा येऊन गेल्यावरच मालिकेची पुनरावृत्ती होते. भाजक ३२ बिटांच्या मर्यादेइतकाच असल्यामुळे मालिकेतील प्रत्येक संख्या त्या जागेत मावते. बार्लो यांनी ज्या संशोधनाला केवळ कुतूहलाचा विषय मानले, त्यातून सिद्ध झालेल्या मूळत्वाचा उपयोग येथे प्रत्यक्ष गणनेत होतो.